अंगठ्याच्या उबेने फुगणारी काच

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्या माणसाकडे गेलात, तर तो तुम्हांला एक प्रयोग हमखास दाखवील. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा. त्याच्यासमोर ठरावीक अंतरावर एक बारीकसा दिवा आणि दाढीचे ब्लेड ठेवायचे. आरशावरून परतणारा प्रकाश ब्लेडच्या कडेने हळूच अर्धा अडवला, की काचेवरचे एरवी कशानेही न दिसणारे उंचसखल छायाप्रकाशात उठून दिसते, उन्हं कलल्यावर शेताच्या बांधांच्या सावल्या दिसाव्यात तसे. लेऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शोधलेली ही चाचणी आजही जगभरचे हौशी लोक वापरतात.

आता त्या आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवायचा आणि उचलायचा. पुन्हा ब्लेडमागून पाहिले, तर अंगठा होता तिथे चक्क एक टेकडी उभी असते. तिला उजेडाची बाजू असते, सावलीची बाजू असते. मग ती हळूहळू बसत जाते आणि काही मिनिटांनी नाहीशी होते. ती अंगठ्याची चरबी किंवा डाग नव्हे. अंगठ्याच्या उबेने तेवढ्या जागची काच फुगलेली असते.

फोंड्याला आमच्या अंगणात मी हा प्रयोग बऱ्याच जणांना दाखवला आहे. गेल्या वर्षी आकाशदर्शनाला आलेल्या एका दहावीतल्या मुलीने तो पाहिला आणि विचारले, “काका, मग त्या चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा बोरोसिलिकेटचा कसा? ती तर आईच्या ओव्हनमधल्या भांड्याची काच!”

प्रश्न बिनतोड होता. चिली देशातल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे २३ जून २०२५ ला जगासमोर आली. तिचा मुख्य आरसा ८.४ मीटर व्यासाचा आहे, आणि तो खरोखरच स्वयंपाकघरातल्या उष्णतारोधक भांड्यांच्या जातीच्या काचेचा आहे. त्याच चिलीत युरोपीय देश ३९ मीटरची अजस्र दुर्बीण बांधत आहेत. तिच्या मुख्य आरशाचे ७९८ तुकडे मात्र झेरोडूर नावाच्या, उष्णतेने जवळजवळ न फुगणाऱ्या खास पदार्थाचे आहेत. दोन्हीकडे जगातले निष्णात लोक, दोन्हीकडे भरपूर पैसा. मग एकांनी साधी काच का घेतली? याचे उत्तर त्या मुलीला पाच मिनिटांत देणे मला जमले नाही. ते इथे सावकाश देतो.

फुगते म्हणजे किती फुगते?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती आधी लालभडक तापवतो. तापलेली धाव लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की आवळून घट्ट होते. मांडवीच्या पुलावरून जाताना गाडीच्या चाकांखाली ठरावीक अंतराने ठक-ठक होते, ते सांधेही पुलाला फुगायला जागा मिळावी म्हणूनच ठेवलेले असतात. पदार्थ तापला की त्याचे अणू जास्त जोराने थरथरतात. शिगम्याच्या रोमटामेळात ढोलांचा जोर चढला की नाचणारे एकमेकांपासून सुटे होतात आणि मेळ रुंदावतो, तसेच हे.

कुठला पदार्थ किती फुगतो हे सांगणाऱ्या आकड्याला प्रसरणांक म्हणतात. तो समजायला एक सोपी युक्ती आहे. एक किलोमीटर लांब कांब घ्या, तिचे तापमान एका अंशाने वाढवा आणि ती किती मिलिमीटर लांबली ते मोजा. ॲल्युमिनियमची २३ मिलिमीटर लांबते, पोलादाची सुमारे १२, खिडकीच्या साध्या काचेची ९. बोरोसिलिकेट काच ३.३ वर थांबते. वितळवलेल्या शुद्ध क्वार्ट्झची काच अर्धा मिलिमीटर लांबते, आणि झेरोडूर काही शतांश मिलिमीटर.

पणजीहून रायबंदरला जाणारा पोर्तुगीज काळातला जुना बांध तीनेक किलोमीटरचा आहे. त्याच्या लांबीची साध्या काचेची कांब केली, तर दुपार ते पहाट या दहा अंशांच्या फरकात तिची लांबी वीतभराहून जास्त बदलेल. बोरोसिलिकेटची दहा सेंटिमीटर बदलेल, क्वार्ट्झची बोटाच्या रुंदीएवढी. झेरोडूरची साधारण एक मिलिमीटर. तीन किलोमीटरला एक मिलिमीटर!

आता आरशाला किती चूक परवडते ते पाहू. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग त्याच्या ठरलेल्या आकारापासून ७० नॅनोमीटरहून जास्त ढळता कामा नये, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा हजारावा भाग. मोठ्या वेधशाळांचे आरसे याहूनही काटेकोर असतात. रुबिनचा आरसा ताणून गोव्याएवढा केला, तेरेखोलपासून पोळेपर्यंत, तर त्यावर एक मिलिमीटर उंचीचा खडासुद्धा खपणार नाही. या हिशेबात अंगठ्याची टेकडी म्हणजे केवढा डोंगर झाला!

सगळा आरसा सारखाच फुगला तर बिघडले कुठे?

हा आक्षेप बहुतेकांच्या मनात येतो, आणि तो रास्त आहे. आरसा सगळीकडून एकाच प्रमाणात फुगला, तर त्याचा आकार तोच राहतो, फक्त माप किंचित वाढते. छायाचित्र मोठे करून छापावे तसे. प्रतिमा जिथे पडते ती जागा जराशी सरकते, दुर्बिणीचा फोकस थोडा फिरवला की काम भागते.

घोटाळा होतो तो आरसा सारखा फुगत नाही म्हणून. रात्र चढते तशी हवा गार होते. आरशाची कड आधी थंड होते, कारण तिला हवा तीन बाजूंनी लागते. मध्य अजून दुपारच्या उबेतच असतो. माझ्या पहिल्या आरशाचेच उदाहरण घ्या. खिडकीच्या जातीची काच, व्यास २० सेंटिमीटर, जाडी २५ मिलिमीटर. त्याची कड मध्यापेक्षा एकाच अंशाने गार झाली, तर तिथली जाडी २२५ नॅनोमीटरने घटते. मुभा ७० ची आणि चूक २२५ ची. तोच आरसा बोरोसिलिकेटचा असता तर चूक ८२ नॅनोमीटर, म्हणजे काठावर नापास. क्वार्ट्झचा असता तर तेराच्या आसपास, आणि झेरोडूरचा असता तर जेमतेम एक.

म्हणून आरशाच्या बाबतीत खरा शत्रू उष्णता नाही, एका जागेचे आणि दुसऱ्या जागेचे तापमान वेगळे असणे हा आहे. हे मला पुस्तक वाचून कळले नाही. वरचाच आरसा घासताना मी एकदा पॉलिश संपवून लगेच चाचणी घेतली. हाताच्या आणि घर्षणाच्या उबेने मध्यभाग फुगलेला होता. ब्लेडमागून मध्यावर उंचवटा दिसला, म्हणून मी तो उंचवटा दोन संध्याकाळ घासून खाली आणला. तिसऱ्या दिवशी सकाळी गार झालेला आरसा तपासला, तर मध्यावर खळगा. मी नसलेली टेकडी घासून काढली होती. तो खळगा भरून काढायला, म्हणजे बाकीची सगळी काच त्याच्या पातळीला आणायला, पुढे तीन आठवडे गेले. तेव्हापासून आरसा रात्रभर निवल्याशिवाय मी चाचणीला बसत नाही.

एका रात्रीची गोष्ट

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर १९१७ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेच मोठ्या प्रमाणावर घडले. अडीच मीटरची हूकर दुर्बीण, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी, पहिल्यांदा आकाशाकडे वळवली गेली. तिच्या आरशाची काच फ्रान्सच्या सँ-गोबँ कारखान्यातून आली होती, बाटल्यांच्या काचेच्याच जातीची. जॉर्ज एलरी हेल यांनी या दुर्बिणीसाठी उमेदीची वर्षे घालवली होती. त्यांनी गुरू पाहिला, आणि एका गुरूच्या जागी एकमेकांवर चढलेले सहा-सात गुरू दिसले.

कोणाच्या तरी लक्षात आले की दिवसा काम करणाऱ्यांनी घुमट उघडा ठेवला होता आणि आरशावर ऊन पडले होते. आता थांबण्यावाचून उपाय नव्हता. हेल झोपायला गेले, पण झोप येईना. पहाटे अडीचच्या सुमारास ते परत आले. या वेळी दुर्बीण एका ताऱ्याकडे वळवली. तारा टाचणीच्या टोकासारखा दिसला. आरसा निवला होता, त्याचा आकार जागेवर आला होता. याच दुर्बिणीतून पुढे एडविन हबल यांनी देवयानीतला तो धूसर ठिपका आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे दाखवून दिले.

पुढच्या, पाच मीटरच्या दुर्बिणीसाठी हेल यांना साधी काच नको होती. आधी क्वार्ट्झचा आरसा करून पाहिला. क्वार्ट्झ वितळायला इतकी भयंकर उष्णता लागते की बराच पैसा खर्चूनही मोठा आरसा काही जमला नाही. मग अमेरिकेतल्या कॉर्निंग कारखान्याची पायरेक्स काच, म्हणजे बोरोसिलिकेटच, निवडली गेली. या काचेचा स्वयंपाकघराशी संबंध जुना आहे. कॉर्निंगमधल्या एका शास्त्रज्ञाच्या पत्नीने १९१३ मध्ये बॅटरीच्या काचेच्या बरणीचा बुंधा कापून त्यात केक भाजून पाहिला, आणि त्यातून पायरेक्सची भांडी बाजारात आली. ज्या काचेत नाताळचा केक होतो, तिच्यातच डिसेंबर १९३४ मध्ये पाच मीटरचा आरसा ओतला गेला. तो निववायला सुमारे दहा महिने लागले. अर्ध्या अंशाची, एका अंशाची घट रोज मोजूनमापून. घाई केली असती, तर आतला ताण काचेने कधीतरी तडकून मोकळा केला असता. चहाचा उकळता घोट साध्या ग्लासात ओतला की तो तडकतो, त्यामागेही हीच दोन तापमानांची ओढाताण असते.

न फुगणारी काच बनते कशी?

मुळात तापले की सगळेच फुगते, मग न फुगणारा पदार्थ आला कुठून? दोन वाटा आहेत.

पहिली वाट क्वार्ट्झच्या काचेची. तिच्यात अणूंची वीण ऐसपैस, मोकळी असते. तापल्यावर काही अणू लांबीच्या दिशेने दूर न सरकता आडवे झुलतात. मुले दोरीवरच्या उड्या मारताना दोरी जोरात फिरवतात, तेव्हा तिची दोन टोके धरणाऱ्यांना जवळ यावे लागते ना? ढोबळमानाने तसेच. एकीकडे फुगण्याची ओढ, दुसरीकडे आकसण्याची, म्हणून क्वार्ट्झची काच फारच कमी फुगते. तिच्यात टायटॅनियमच्या ऑक्साईडचा सुमारे सात टक्के अंश मिसळला की उरलेसुरले फुगणेही खोलीच्या तापमानापाशी जवळजवळ मिटते. कॉर्निंगची यूएलई नावाची काच ती हीच. हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा तिचाच आहे. हबलच्या आरशाची चूक १९९० मध्ये फार गाजली होती, पण ती काचेची नव्हती. आरसा अत्यंत काटेकोरपणे, पण चुकीच्या आकारात घासला गेला होता.

दुसरी वाट अपघातातून सापडली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्निंगमध्येच डोनाल्ड स्टूकी नावाच्या संशोधकाची भट्टी बिघडली आणि काचेचा एक तुकडा ठरल्यापेक्षा तीनेकशे अंश जास्त तापला. वितळून त्याचा गोळा व्हायला हवा होता. त्याऐवजी तो पांढराशुभ्र, घट्ट झाला. चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला तरी फुटला नाही. काचेच्या आत अतिसूक्ष्म स्फटिकांचे रान माजले होते. अशा अर्ध्या काच, अर्ध्या स्फटिक पदार्थाला काचमृत्तिका म्हणतात.

जर्मनीच्या शॉट कंपनीने १९६८ मध्ये काढलेले झेरोडूर याच कुळातले. त्याच्यातला सुमारे तीन-चतुर्थांश भाग नॅनोमीटरच्या मापाचे स्फटिक असतात आणि ते तापल्यावर आकसतात. त्यांच्यामधली उरलेली काच तापल्यावर फुगते. कृती अशी साधायची की एकाचे आकसणे आणि दुसऱ्याचे फुगणे बरोबर फिटावे. ऐकायला सोपे वाटते. पण कित्येक टनांच्या ठोकळ्यात हे प्रमाण कानाकोपऱ्यापर्यंत सारखे राखायचे, तर ठोकळा महिनोन्‌महिने भट्टीत ठेवून स्फटिक सावकाश वाढवावे लागतात. झेरोडूरची किंमत मातीमोल कच्च्या मालासाठी कोणी देत नाही. ती या सबुरीची किंमत आहे.

तुमच्या घरात इंडक्शनची शेगडी असेल, तर तिच्या वरच्या काळ्या काचेवर एकदा हात फिरवून पाहा. ती याच कुळातली, लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साईडांची काचमृत्तिका आहे. मधोमध कढईखालचा भाग रटरटत असतो आणि हातभर अंतरावरची कड गार असते, तरी ती तडकत नाही. दुर्बिणीच्या आरशाला हवे असते ते नेमके हेच.

मग रुबिनला स्वयंपाकघरातली काच का?

इतके सगळे झाल्यावर त्या मुलीचा प्रश्न आणखी धारदार होतो. त्याचे उत्तर काचेत शोधून सापडत नाही, ते काचेच्या वरच्या हवेत आहे.

मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्याकडे पाहिले, तर रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते, पलीकडची माणसे लाटांमधून चालल्यासारखी वाटतात. आरसा रात्रीच्या हवेपेक्षा उबदार असला, तर त्याच्यावरही अशीच थरथर उठते. तारा त्या थरथरीतूनच दिसणार. इथे झेरोडूर तुमच्या काही कामाचे नाही. तो फुगणार नाही, त्याचा आकार नॅनोमीटरला हलणार नाही, पण त्याच्यावरची हवा ढवळून निघेल आणि तारा लोण्यासारखा विरघळेल. काच जितकी जाड, तितकी ती उबदार राहणार जास्त वेळ. जाडी दुप्पट झाली की आतली ऊब बाहेर यायला चौपट वेळ लागतो. रशियाच्या सहा मीटरच्या दुर्बिणीचा आरसा ६५ सेंटिमीटर जाड आणि ४२ टन वजनाचा. एवढा गोळा रात्र सरली तरी निवत नाही. त्या दुर्बिणीला हा त्रास वर्षानुवर्षे भोवला.

ॲरिझोना विद्यापीठातल्या रॉजर एंजल यांनी या प्रश्नाला दुसऱ्याच बाजूने हात घातला. आरसा फुगू नये यासाठी झगडण्यापेक्षा तो हवेबरोबर निवेल असा बनवावा, असे त्यांनी ठरवले. सुरुवातीला घरामागच्या भट्टीत त्यांनी पायरेक्सच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून पाहिल्या. आज त्यांच्या प्रयोगशाळेत, जिथे रुबिनचा आरसाही घडला, साच्यात बोरोसिलिकेटचे तुकडे भरून भट्टीच गरगर फिरवतात. वितळलेली काच फिरता फिरता कडेला चढते आणि वरचा पृष्ठभाग आपोआप वाटीसारखा खोलगट होतो. ताक घुसळताना मडक्यात मध्ये खळगा पडतो ना, तसाच. आतून आरसा मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ राहतो. वरची काच जेमतेम तीन सेंटिमीटरची. या पोकळ घरांमध्ये रात्रभर ठरावीक तापमानाची हवा खेळवतात, आणि आरसा बाहेरच्या हवेच्या मागोमाग निवत जातो. सगळीकडे तापमान सारखे राहिले, की बोरोसिलिकेटचे ते ३.३ मिलिमीटर फारसे बाधत नाही. वरून हवाही थरथरत नाही. एकाच उपायात दोन्ही दुखणी गेली.

झेरोडूरचा असा पोळ्यासारखा आरसा का करत नाहीत? एवढा मोठा, गुंतागुंतीचा आकार थेट साच्यात ओतायला बोरोसिलिकेट सोपी, कारण ती त्यामानाने कमी तापमानाला वितळून साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरते. झेरोडूरचा ठोकळा आधी बनवून मग कोरून काढावा लागतो. आठ-आठ मीटरला तसे करणे फार महाग आणि जोखमीचे पडते.

मग ३९ मीटरवाल्यांनी झेरोडूर का घेतले? त्यांचे तुकडे दीड मीटरच्या आत आणि पाच सेंटिमीटर जाडीचे आहेत. इतके पातळ तुकडे लवकर निवतात, पोकळीची गरज नाही. पण ७९८ तुकडे मिळून एकच आरसा व्हायचा आहे. प्रत्येक तुकडा तापमानाबरोबर थोडा वेगळा वाकला, तर सगळ्यांचा मेळ बसवता बसवता नाकी नऊ येतील. तिथे न फुगणेच सोयीचे. हवाईतल्या केक दुर्बिणींच्या ३६-३६ तुकड्यांनाही झेरोडूरच वापरले, ते याच विचाराने. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. माझे मत विचाराल तर एंजल यांची वाट मला जास्त भावते, कारण तिने हवेचा प्रश्न आधी सोडवला आणि काचेचा मागाहून.

धातूचा आरसा का नको? आणि अंतराळात काय?

न्यूटनचा आरसा धातूचाच होता, तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचा. धातू फुगतात जास्त, पण त्यांच्यात उष्णता झपाट्याने पसरते, त्यामुळे तापमानाचा फरक टिकत नाही. आता लक्षात येईल की नुसता प्रसरणांक पाहून पदार्थ निवडणे म्हणजे नुसती उंची पाहून फुटबॉलपटू निवडण्यासारखे आहे. किती फुगतो, उष्णता किती चटकन पसरवतो, वजनाच्या मानाने किती ताठ आहे, गुळगुळीत पॉलिश घेतो का, वर्षानुवर्षे आकार राखतो का, हे सगळे एकत्र तोलावे लागते. सिलिकॉन कार्बाईड यात फार चांगले ठरते. युरोपच्या हर्शल अंतराळ दुर्बिणीचा साडेतीन मीटरचा आरसा त्याचाच होता, बारा तुकडे जोडून केलेला. पण तो पदार्थ इतका कठीण आहे की घासणारा जेरीस येतो.

२५ डिसेंबर २०२१ ला अंतराळात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचे १८ आरसे बेरिलियम धातूचे आहेत, वर सोन्याचा मुलामा. खोलीच्या तापमानाला बेरिलियम पोलादाइतकाच फुगतो. पण वेबला काम करायचे असते उणे २२० अंशांच्याही खाली, आणि तिथे बेरिलियमचे आकुंचन-प्रसरण जवळजवळ थांबते. अडचण एकच. आरसा घासायचा खोलीत आणि वापरायचा त्या थंडीत. म्हणून तो आधी गोठवून मोजला, थंडीत तो कुठे किती वाकडा होतो ते टिपले, आणि मग खोलीत मुद्दाम उलटा वाकडा घासला, म्हणजे थंडीत गेल्यावर सरळ व्हावा. शिंपी कोऱ्या सुती कापडाचा सदरा आटणार हे धरून सैल बेततो, तशीच ही बेतणी.

आपल्याकडे

उत्तराखंडातल्या देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा आरसा झेरोडूरचा, जाडी साडेसोळा सेंटिमीटर. लडाखमधल्या हान्लेची दोन मीटरची हिमालयी चंद्र दुर्बीण यूएलईची. हान्ले साडेचार हजार मीटरवर आहे. तिथे हवा विरळ, दिवसा कडक ऊन आणि रात्री हाडे गोठवणारी थंडी. अशा जागी न फुगणाऱ्या काचेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तीस मीटरच्या नियोजित टीएमटी दुर्बिणीत भारत भागीदार आहे. तिच्या ४९२ तुकड्यांपैकी काही पॉलिश करण्यासाठी बंगळुरूजवळ होसकोटे इथे कार्यशाळा उभारली आहे. काच जपानच्या ओहारा कंपनीची, क्लिअरसेराम, झेरोडूरचीच सख्खी बहीण. त्या दुर्बिणीच्या जागेचा आणि पैशांचा प्रश्न लांबत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण एवढ्या काटेकोर काचा घासणारे हात आपल्याकडे तयार झाले, तर ते विद्या म्हणून कुठेही उपयोगी पडतील. न फुगणारी काच फक्त आकाशासाठी लागत नाही. संगणकाच्या चिप छापणाऱ्या यंत्रांतले आरसे अशाच पदार्थांचे असतात, आणि विमानाला दिशा सांगणाऱ्या लेसर जायरोचे अंगही.

गोव्यातल्या गच्चीवर

आता घरगुती प्रश्न. गोव्यात दुर्बीण घ्यायची किंवा घासायची तर कुठली काच?

समुद्रामुळे आपल्याकडे तापमान सौम्य असते. डिसेंबरात दुपारी ३२-३३ अंश, पहाटे २०-२१. फरक दहा-बारा अंशांचा आणि तोही सावकाश. वाळपई-सत्तरीकडे थोडा जास्त. एवढ्यासाठी पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आरशाला झेरोडूर किंवा क्वार्ट्झवर पैसे घालू नयेत, असे मी स्पष्ट सांगतो. बोरोसिलिकेट मिळाली तर उत्तम. ती साध्या काचेहून कठीण असल्याने घासायला वेळ जास्त लागतो, पण चाचणीच्या वेळी वाट कमी पाहावी लागते. साधी जाड काचच मिळाली, तरी हिरमुसू नका. माझ्या पहिल्या आरशातून शनीच्या कड्यांमधली काळी फट दिसते.

पैसे घालायचेच तर संगणकातला जुना पंखा आणून आरशाच्या मागे बसवा. रबराच्या तुकड्यांवर बसवा, म्हणजे त्याची थरथर नळीत उतरणार नाही. दुर्बीण पाहण्याच्या तासभर आधी बाहेर काढून ठेवा. एसीच्या खोलीत ती कधीच ठेवू नका. गार आरसा आपल्या दमट हवेत आणला, की क्षणात त्याच्यावर पाणी धरते. घाईने पुसायला गेलात, तर ॲल्युमिनियमचा पातळ थर ओरखडतो. समुद्रालगत राहत असाल, तर खारा वारा तो थर तसाही लवकर खातो, म्हणून काम झाल्यावर झाकण विसरू नका.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले. आरसा नुकताच गच्चीवर आणलेला होता. गुरू आधी उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखा दिसत होता. मी पंखा लावला आणि आम्ही कठड्याला टेकून बोलत बसलो. पाऊण तासाने तिने पुन्हा डोळा लावला, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग हळूच म्हणाली, “दोन पट्टे दिसताहेत. आणि खालच्याला एक खाच आहे.”